उपटायच्या आधी नाव विचारा: लॉन, तण आणि फुलपाखरांचं अंगण

आमचं घर तळेगावला, रो हाऊस आहे, पुढची मागची मिळून हजार-बाराशे स्क्वेअर फूट मोकळी जागा आणि त्यातलं ६०० फूट लॉन. लॉन अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून त्यांनी हौसेनं लावून घेतलेलं, रोज सकाळी पाइप घेऊन उभे राहायचे आणि एक काडी जरी वेगळी दिसली की तिथेच खाली बसून उपटायचे. त्यामुळे मी लॉनच्या विरोधात आहे असं समजू नका, अनवाणी हिरवळीवर चालायचं सुख मलाही माहितीये. पण गेल्या सहा वर्षांत आम्ही त्या लॉनचं निम्मं हळूहळू सोडून दिलं, आता तिथे जे काही आहे ते बघून येणारे जाणारे विचारतात की कसं केलं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

सुरुवात कशी झाली ते आधी सांगते. एका ऑगस्टमध्ये आम्ही चार दिवस गावी गेलो होतो, तेवढ्यात बागेचं काम बघणाऱ्या माणसाने न विचारता कडेकडेनं तणनाशक मारून ठेवलं. परत येऊन बघते तर कुंपणालगतचा टाकळा पार पिवळा पडून आडवा झालेला, आणि त्याच्यावरच्या हिरव्या बारीक अळ्या, ज्या मी आणि मुलगी आठ दिवस रोज मोजत होतो, त्यातली एकही नाही. मुलगी तेव्हा दुसरीत होती. ती काही बोलली नाही, नुसती पायरीवर बसून राहिली. त्या दिवशी मी ठरवलं की ज्याचं नाव मला माहीत नाही ते माझ्या अंगणातून कुणी उपटणार नाही, मी पण नाही.

तर पहिलं काम हेच. काही लावू नका, नर्सरीत जाऊ नका, पैसे खर्च करू नका. जूनच्या पहिल्या पावसाआधी अंगणाचा एक कोपरा, चार बाय चार फुटाचा असला तरी चालेल, चार काठ्या रोवून दोरी बांधून बाजूला काढा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की इथे हात लावायचा नाही. मग येईल ते येऊ द्या. पंधरा दिवसांत तिथे दहा-बारा तऱ्हेची रोपं दिसतील. रोज मोबाईलवर फोटो काढा. ॲप नाव सांगतं पण बऱ्याचदा चुकतं, त्यापेक्षा रानभाज्या विकायला बसणाऱ्या मावशींना फोटो दाखवा, मला अर्ध्याच्या वर नावं तिथूनच कळली. त्यांना नुसतं नाव नाही तर कधी खायचं, कसं निवडायचं, कशाने पोट बिघडतं सगळं पाठ असतं.

आता आपल्याकडे साधारण काय काय उगवतं आणि त्याचं काय करायचं ते बघू.

टाकळा. पहिल्या पावसाबरोबर येतो, कोवळा असताना भाजी करतो आपण, आणि पंधरा दिवसांत तो निबर झाला की तोच टाकळा लोकांना कचरा वाटायला लागतो. पण खरी मजा नंतरच असते. कॉमन ग्रास यलो नावाचं लिंबाच्या सालीच्या रंगाचं छोटं फुलपाखरू त्याच्या पानावर एकेक अंडं घालतं, सप्टेंबरकडे पिवळी फुलं आली की मोठे काळे भुंगे येतात आणि फुलाला धरून असा आवाज काढतात की दोन फुटांवरनं ऐकू येतो. तो आवाज उगाच नसतो. टाकळ्याच्या फुलातले परागकण नळीसारख्या कोषात बंद असतात, भुंगा थरथराट करून ते हलवून बाहेर पाडतो. टोमॅटो-वांग्याला पण हेच लागतं आणि मधमाशीला ते जमत नाही, म्हणून ज्यांच्या गच्चीवर वांग्याला फुलं येतात पण धरत नाहीत त्यांनी भुंग्यांची आणि निळ्या पट्ट्याच्या माश्यांची (मधमाश्यांच्या गोतातल्या, पण एकेकट्या राहणाऱ्या जंगली माश्या) सोय करावी. टाकळा सगळा ठेवायची गरज नाही, कुंपणाच्या कडेला एक ओळ ठेवा, बाकीचा भाजीला काढा.

आंबुशी. हीच ती लॉनमध्ये घुसणारी, तीन बदामी पानांची, चवीला आंबट. माळी हिच्यावर सगळ्यात जास्त चिडतो. लॉनवर पायाच्या उंचीला नखाएवढी निळसर राखाडी फुलपाखरं भिरभिरताना बघितली असतील, त्यातलं पेल ग्रास ब्लू याच आंबुशीवर वाढतं. एकदा पालथं पडून अर्धा तास बघा, खरंच बघा. मादी पानावर बसते, शेपटाकडचा भाग वाकवून पानाखाली नेते, एक क्षण थांबते आणि उडते. पान हळूच उलटलं की साबुदाण्याच्या कणापेक्षाही कितीतरी बारीक, पांढरट चपटं अंडं दिसतं. अण्णांना मी भिंग देऊन हे दाखवलं तेव्हा ते बराच वेळ उठले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून लॉनमधली आंबुशी उपटणं त्यांनी आपणहून बंद केलं, मला एक शब्द बोलावा लागला नाही.

एकदांडी, काही जण दगडीपाला किंवा कंबरमोडी म्हणतात. लहानपणी गुडघा फुटला की आजी याचाच पाला चुरगळून लावायची. ही मूळची अमेरिकेकडची, पण आता इथे रुळलीये आणि जवळजवळ वर्षभर फुलते, एप्रिल-मेमध्ये जेव्हा सगळं वाळलेलं असतं तेव्हा फुलपाखरांना मध द्यायला अनेकदा हीच उभी असते. वाटेवर येईल तेवढी काढा, बाकी राहू द्या.

केना आणि कुर्डू दोन्ही ठेवा. केन्याची निळी फुलं सकाळीच बघायला मिळतात, दुपारी मिटून जातात, कुर्डूच्या गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यावर ऑक्टोबरमध्ये फुलपाखरांची नुसती गर्दी असते. खुळखुळा उगवला तर नशीब समजा, ब्लू टायगर आणि प्लेन टायगर या फुलपाखरांचे नर त्याच्या सुकलेल्या पाना-देठांवर तासन् तास बसून त्यातला रस ओढतात, मादीला आकर्षित करायचा गंध तयार करायला तो त्यांना लागतो. घोळ, तांदुळजा खाऊन टाका. नागरमोथ्याशी भांडू नका, खाली गाठी असतात, कितीही उपटा परत येतो, मी दोन वर्षं घालवली त्यात.

आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायचीये. श्रावणात आपण माळ्याला पैसे देऊन अंगणातला आघाडा, माका, विष्णुक्रांत, डोरली, हरळी सगळं साफ करून घेतो आणि पंधरा दिवसांनी मंडईत जाऊन गणपतीसाठी पत्रीची जुडी विकत आणतो, तर त्या जुडीत असतं काय, हेच. आघाडा तोच, माका तोच, दुर्वा म्हणजे हरळीच, आणि ज्याला बाहेर बर्म्युडा ग्रास म्हणून लॉनसाठी विकतात ती पण जात हीच. गौरी येतात त्या तेरड्याच्या रोपानं येतात. म्हणजे आपल्याकडे या रोपांना मान होताच, त्यांच्यासाठी वर्षातले दिवस राखून ठेवलेले होते. आमच्या सोसायटीत ‘अंगणात जंगल माजलंय’ म्हणणाऱ्या काकूंना मी गणपतीच्या आदल्या दिवशी घरच्या पत्रीचं ताट नेऊन दिलं, आता त्या दरवर्षी आठवण करून देतात.

आता काढायचं काय? गाजरगवत. यात दयामाया नाही. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते लोकांच्या नजरेत आलं आणि नंतर देशभर पसरलं, त्याने कातडीला खाज येते, दम्याच्या माणसाला त्रास होतो, आणि एकेका झाडाला हजारो बिया येतात. पांढरी चांदण्यांसारखी फुलं यायच्या आधी, पाऊस पडून जमीन मऊ असताना, हातमोजे आणि तोंडाला फडकं लावून मुळासकट उपटा. नुसतं वरून कापलं तर खालून परत फुटतं. फूल आलेलं असेल तर कंपोस्टमध्ये घालू नका. पण उपटताना पानावर पांढुरक्या पाठीचे, तपकिरी वळणदार रेघांचे छोटे भुंगेरे दिसले तर त्या झाडाला आठ दिवस हात लावू नका, ते मेक्सिकन भुंगेरे १९८० च्या दशकात मुद्दाम हेच गवत खायला आपल्याकडे आणलेत, त्यांना त्यांचं काम करू द्या.

दुसरं घाणेरी. फुलपाखरं तिच्यावर खूप येतात म्हणून लोक लावतात, मी पण लावली होती, पण पक्षी फळं खाऊन बिया डोंगरावर नेतात आणि तिथे ती बाकी काही वाढूच देत नाही. मी ती काढून त्या जागी निर्गुडी लावली, तिच्या जांभळ्या तुऱ्यांवर सातेरी आणि फुलोरी मधमाश्या, भुंगे सगळे असतात आणि ती इथलीच आहे. तिसरं, पिवळ्या-केशरी कॉसमॉसच्या बिया पावसाळ्यात टेकड्यांवर भिरकावत जाऊ नका. हेतू चांगला असतो पण कॉसमॉस आपली सोनकी, तेरडा, इथलं गवत यांची जागा घेतो.

लॉनचं काय करायचं. माझं म्हणणं, जेवढ्यावर खरंच बसता, मुलं खेळतात, खाट टाकता तेवढं ठेवा. आमचं २५० फूट ठेवलं. बाकीचं ज्याच्यावर फक्त मशीन फिरवायला जातो ते सोडा. पाण्याचा हिशोब अण्णांनीच काढला: ६०० फूट म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर, उन्हाळ्यात रोज ५ मिलीमीटर पाणी धरलं तरी २८० लिटर होतं. मे महिन्यात आमच्याकडे टँकर येतो, ते २८० लिटर रोज गवतावर ओतणं त्यांना स्वतःलाच पटेना.

ठेवलेल्या लॉनला मशीन लावताना पातं वर घ्या, तीन इंचापर्यंत. लोक अगदी जमिनीलगत भादरतात, मग माती तापते, पाणी जास्त लागतं आणि मोकळ्या जागेत गाजरगवत शिरतं. आणि सगळं एकाच दिवशी कापू नका, या आठवड्यात डावा अर्धा, पुढच्या पंधरवड्यात उजवा, म्हणजे कायम कुठेतरी फुलं शिल्लक राहतात. लॉन विरळ झालं असेल तर परत गवताचे तुकडे आणण्यापेक्षा जलपिंपळी पसरवा, जमिनीलगत वाढते, पाय पडले तरी चालतं आणि बारक्या फुलांवर दिवसभर माश्या असतात.

जो भाग सोडायचा तिथलं लॉन मारायला औषध लागत नाही. एप्रिलमध्ये गवत अगदी खालून कापा, भरपूर पाणी द्या आणि पारदर्शक प्लास्टिकचा कागद अंथरून चारी कडा मातीत गाडून टाका. पाच-सहा आठवडे आपल्या उन्हात ते खाली शिजून निघतं. हरळीची काही मुळं राहतात, ती जूनमध्ये हाताने काढावी लागतात, त्याला इलाज नाही. ऊन कमी असेल तर पुठ्ठ्याचे खोके उलगडून, सेलोटेप काढून, ओले करून पसरा आणि वर वीतभर पालापाचोळा टाका.

मग लावायचं काय, यात लोक एक चूक हमखास करतात, फक्त फुलं लावतात. फूल म्हणजे फुलपाखराचं हॉटेल झालं, घर नाही. अळीला पान लागतं आणि प्रत्येकीचं पान ठरलेलं असतं. कढीपत्ता आणि लिंबू लावलंत की लाईम बटरफ्लाय, कॉमन मॉरमॉन येणारच, आणि सह्याद्रीच्या जवळ राहत असाल तर लिंबावर नीलवंत पण येऊ शकतं, म्हणजे ब्लू मॉरमॉन, २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, तळहाताएवढं काळं मखमली आणि मागच्या पंखांवर निळं. या अळ्या लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, पुसून टाकू नका. रुईवर प्लेन टायगर, पानफुटीवर रेड पिएरो, तिची अळी चक्क पानाच्या आत राहून पोखरते. एरंडावर कॉमन कॅस्टर, कृष्णकमळाच्या वेलावर टॉनी कोस्टर. तगरीची पानं एका रात्रीत गायब झाली तर ती हॉक मॉथ नावाच्या मोठ्या हिरव्या पतंगाच्या अळीने खाल्लीत, झाड मरत नाही, पंधरा दिवसांत परत फुटतं. घरात आधीच सांगून ठेवा की ही पानं खाल्ली जाणार आहेत, त्यासाठीच लावलीत. आम्ही कढीपत्त्याची दोन झाडं ठेवलीत, एक फोडणीचं आणि एक अळ्यांचं, आणि फोडणीच्या झाडावर अळी दिसली की मुलगी तिला उचलून पलीकडे नेऊन ठेवते.

मधासाठी वेगळं फार काही आणायची गरज नाही. कोथिंबीर, मेथी, मुळा, सब्जा थोडे फुलावर जाऊ द्या. शेवगा असेल तर उत्तमच. कोरांटी, अडुळसा लावा. तुळशीच्या मंजिऱ्या खुडायची पद्धत आहे, आमच्याकडेही आहे, पण वृंदावनातल्या तुळशीच्या खुडल्या तरी मागे चार तुळशी अशाच ठेवा, निळ्या पट्ट्याची माशी सकाळी आठ-नऊला तिथे असतेच असते.

मधमाश्यांची पेटी ठेवायची का असं बरेच जण विचारतात. शौक असेल तर जरूर शिका, पुण्यात गणेशखिंड रोडला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची. पण अंगणासाठी पेटीची गरज नाही, कारण आपल्या बहुतेक जंगली माश्या पोळं करतच नाहीत, एकेकट्या राहतात आणि त्यातल्या बऱ्याच जमिनीत बीळ करतात. म्हणून दोन फूट तरी जागा उघडी, उन्हातली, न खणलेली, वर काही न अंथरलेली ठेवा. फरशी, पेव्हर ब्लॉक, नाहीतर सगळीकडे लॉन, यात त्यांना घर करायला जागाच राहत नाही. भिंतीला आडव्या पोकळ वेळूच्या नळ्या बांधा, एका टोकाला गाठ असलेल्या, पावसाचं पाणी आत जाणार नाही अशा. गुलाबाच्या पानाला कडेनं कंपासने काढल्यासारखे गोल तुकडे कापलेले दिसले तर रोग समजून फवारू नका, पानकापी माशी तो तुकडा पोटाखाली गुंडाळून उडत नेते आणि त्या नळीत पिल्लांसाठी खोल्या करते.

औषधांबद्दल मी कडक आहे. पिठ्या ढेकूण आले की नर्सरीत इमिडाक्लोप्रिड नावाचं कीटकनाशक हातात देतात. ते झाडाच्या रसात मिसळतं, म्हणजे मधात आणि परागातही उतरतं, युरोपियन युनियनने २०१८ मध्ये उघड्यावर त्याचा वापर बंद केला. पिठ्या ढेकणांना पाण्याचा जोराचा फवारा, नाहीतर साबणाचं पातळ पाणी पुरतं, तेही संध्याकाळी माश्या गेल्यावर आणि फुलं सोडून. नर्सरीतून रोप आणलं तर विचारून घ्या काय मारलंय, आणि पहिला बहर खुडून टाका.

शेजाऱ्यांची आणि घरच्या मोठ्या माणसांची काळजी खोटी नसते, ती हसण्यावारी नेऊ नका. डास गवतात अंडी घालत नाहीत, साचलेल्या पाण्यात घालतात, त्यामुळे कुंड्यांखालच्या ताटल्या, पक्ष्यांचं पाणी, जुने डबे आठवड्यातून एकदा रिकामे करून घासा. सापाचं मात्र खरं आहे. उंच गवत दारापासून लांब ठेवा, भिंतीलगत चार-पाच फुटांचा पट्टा कायम कापलेला, विटा-लाकडाचा ढीग घराला टेकून नको, रात्री बॅटरी आणि पायात बूट. कुत्रा असेल तर गोचीड रोज तपासा. आणि सोडलेल्या जागेला एक सरळ कड द्या, विटांची, दगडांची, काहीही, मधून कापलेली पायवाट काढा. आमच्या कमिटीने दोनदा पत्र दिलं होतं, कड केल्यावर आणि रोपांच्या नावाच्या पाट्या लावल्यावर तिसरं आलं नाही. माणसांना दिसावं लागतं की इथे कुणीतरी लक्ष देतंय.

ऑक्टोबर संपताना सगळं वाळायला लागतं आणि तेव्हा हात शिवशिवतात एकदा साफ करून टाकायला. थांबा. बिया पडू द्या, थोड्या वर्तमानपत्राच्या पुड्यात नाव आणि तारीख घालून ठेवा, मग डिसेंबरात निम्मंच कापा, तेही गुडघ्याच्या खाली नाही. सुकलेल्या दांड्या उभ्या राहू द्या. का, ते दिवस मावळताना बॅटरी न घेता जाऊन बघा. आमच्या कुर्डूच्या एका वाळक्या काडीवर गेल्या थंडीत निळ्या पट्ट्याच्या माश्यांचे नर झोपायला यायचे, पाय सोडून नुसत्या जबड्याने काडीला चावून धरायचे आणि ओळीने आडवे लटकायचे, एका संध्याकाळी अकरा मोजले. अण्णा तेव्हा खुर्ची घेऊन तिथे बसायचे, आणि कापणी करणारा माणूस आला तेव्हा त्या काडीला त्यांनी आपली लाल लोकरीची दोरी बांधून ठेवली होती.